दोन कानांचे गणित मांडणारा अभियंता

मोटारीच्या डिकीत बसवलेल्या सबवूफरचा ठोका समोरच्या काचेपाशी वाजल्यासारखा ऐकू यावा, ही गाडीतील संगीतयंत्रणा जुळवणाऱ्या कारागिराच्या कौशल्याची खरी कसोटी मानली जाते. हे साधते ते क्रॉसओव्हरच्या काळजीपूर्वक जुळणीतून. कोणत्या कंप्रतेखालचा खर्ज सबवूफरकडे वळवायचा आणि त्यावरचे स्वर दारांतील स्पीकरकडे सोडायचे, याची सीमारेषा हे विद्युतमंडल आखते. ती रेषा गरजेपेक्षा वर गेली की खर्ज पाठीमागून येतो आहे हे तत्काळ जाणवते आणि गायक पुढे, तर साथीदार मागे अशी गाण्याची फाळणी होते. असे का घडते, याचे उत्तर माणसाच्या दोन कानांत दडलेले आहे. त्या दोन कानांचे गणित विद्युतमंडलांच्या भाषेत मांडून आजच्या स्टिरिओ ध्वनीचा पाया ज्यांनी घातला, ते ब्रिटिश अभियंते म्हणजे अ‍ॅलन डॉवर ब्लुमलाइन. अवघे ३८ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. त्या आयुष्यात त्यांच्या नावावर १२८ पेटंटे जमा झाली. तरीही त्यांच्या मृत्यूची वार्ता त्यांच्या देशाला वेळेवर कळू शकली नाही आणि त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाचे चीज झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

घंटेच्या दुरुस्तीचे बिल

ब्लुमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लुमलाइन हे मूळचे जर्मनीचे. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व पत्करले होते. आई जेसी डॉवर ही दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. मुलाच्या नावातील डॉवर हे आईच्या माहेरचे नाव.

मुलाचा ओढा कशाकडे आहे, हे फार लवकर दिसून आले. सात वर्षांच्या अ‍ॅलनने घरातील दाराची घंटा दुरुस्त केली आणि त्या कामाचे रीतसर बिल वडिलांच्या हाती ठेवले. बिलाखाली सही करताना त्याने आपल्या नावापुढे विद्युत अभियंता ही पदवी स्वतःच लावून घेतली होती. पुस्तकी वाचनात मात्र त्याची गती बेताची होती. बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते, असे त्याची बहीण पुढे सांगत असे. त्यावर, तोवर वर्गसमीकरणे मात्र भरपूर येत होती, अशी पुस्ती ब्लुमलाइन आनंदाने जोडत. अक्षरांपेक्षा आकडे आणि आकड्यांपेक्षा चालती यंत्रे, हा त्यांच्या आवडीचा क्रम आयुष्यभर टिकला.

हायगेट शाळेतून १९२१ मध्ये ते शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात दाखल झाले आणि दोनच वर्षांत विद्युत अभियांत्रिकीची पदवी प्रथम वर्गात मिळवून बाहेर पडले. १९२४ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या दूरध्वनी क्षेत्रातील कंपनीत रुजू झाले. पुढे हीच कंपनी स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या नावाने ओळखली जाऊ लागली.

तारांमधली कुजबुज

त्या काळी युरोपात लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांचे जाळे विणले जात होते. एकाच केबलमध्ये शेजारी शेजारी धावणाऱ्या तारांमधून एकाचे संभाषण दुसऱ्याच्या कानी पडे. हा दोष तेव्हाच्या अभियंत्यांना मोठाच त्रासदायक ठरला होता. तारांवर ठराविक अंतराने जी वेटोळी बसवली जात, त्यांची नवी रचना ब्लुमलाइन यांनी जॉन पर्सी जॉन्स या सहकाऱ्यासह सिद्ध केली. तिच्यामुळे ही गळती आणि संदेशातील घट, दोन्ही कमी झाल्या. याच काळात मानवी कानाला कोणत्या कंप्रतेचा आवाज किती तीव्र भासतो, याची मोजमापेही ब्लुमलाइन यांनी केली.

वरकरणी ही दोन्ही कामे संगीतापासून दूरची वाटतात. पण कान काय ऐकतो याचे मोजमाप आणि दोन मार्गांवरील आवाज एकमेकांत मिसळू न देण्याची युक्ती, या दोन्ही गोष्टी तरुण ब्लुमलाइन यांनी दूरध्वनीच्या तारांशी झुंजताना आत्मसात केल्या. पुढे त्याच शिदोरीवर त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात पाऊल टाकले.

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. तेथे त्यांना आयझॅक शोनबर्ग यांच्यासारखा वरिष्ठ लाभला. रशियातून आलेले शोनबर्ग स्वतः तंत्रज्ञ होते आणि त्यांना माणसांची पारख होती. कंपनीची अडचण व्यावहारिक होती. विद्युत पद्धतीने तबकडी कोरण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकी कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे तिला स्वामित्वशुल्क मोजावे लागे. ते पेटंट न मोडता तितकेच किंवा त्याहून सरस यंत्र बनवायचे होते. ब्लुमलाइन यांनी हर्बर्ट होल्मन या सहकाऱ्याच्या साथीने चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यावर आधारलेले नवे कोरणयंत्र उभे केले. त्यापाठोपाठ याच तत्त्वावरील मायक्रोफोनही आला. या यंत्रणेचा आवाज पूर्वीच्यापेक्षा स्वच्छ निघाला आणि शुल्काचा भुर्दंडही टळला.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि हिज मास्टर्स व्हॉइसची ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी जन्माला आली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या मराठी घराघरांत पोहोचवणारा उद्योगसमूह तो हाच. मिडलसेक्समधील हेज येथे त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा होती. ब्लुमलाइन यांचे उरलेले सारे संशोधन याच प्रयोगशाळेच्या आश्रयाने झाले.

चित्रपटगृहातील शंका

१९३० मध्ये ब्लुमलाइन यांची डोरीन लेन या शिक्षिकेशी ओळख झाली. अडीच वर्षांच्या सहवासानंतर १९३३ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. १९३१ मध्ये एकदा ती दोघे बोलपट पाहण्यास गेली होती. बोलपट तेव्हा नवलाईचा होता. पडद्यावरील पात्र एका टोकाला, तर त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणच्या लाउडस्पीकरमधून, हा विसंवाद ब्लुमलाइन यांना खटकला. पात्र चालेल तसा आवाजही त्याच्याबरोबर चालला पाहिजे आणि ते कसे साधायचे हे आपल्याला उमगले आहे, असे त्यांनी डोरीन यांना तेथेच सांगून टाकले.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या टिपणांना सुरुवात झाली आणि १४ डिसेंबर १९३१ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. १९३३ च्या जूनमध्ये तो मंजूर झाला. तब्बल ७० दावे असलेला हा दस्तऐवज ध्वनितंत्राच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. स्टिरिओ हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता. ब्लुमलाइन त्याला द्विकर्णी ध्वनी म्हणत.

आवाजाची दिशा माणसाला कशी कळते, याचा उलगडा त्यापूर्वीच सुरू झाला होता. लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले होते की, खालच्या स्वरांची दिशा कान ओळखतो ती दोन कानांपाशी पोहोचणाऱ्या तरंगांच्या कलेतील फरकावरून, तर वरच्या स्वरांची दिशा ओळखतो ती तीव्रतेतील फरकावरून. कारण सोपे आहे. उंच स्वरांची तरंगलांबी आखूड असते, त्यामुळे डोक्याच्या पलीकडील कानावर सावली पडते. खर्जाचे लांबलचक तरंग मात्र डोक्याला वळसा घालून सहज पलीकडे पोहोचतात. तेथे सावली पडत नाही, केवळ पोहोचण्याच्या वेळेत अल्पसा फरक पडतो.

ब्लुमलाइन यांचे कर्तृत्व हे की, या निरीक्षणावरून त्यांनी संपूर्ण यंत्रणा उभी केली. समोर दोन लाउडस्पीकर ठेवले, तर दोन्हींचा आवाज दोन्ही कानांवर पडतो, ही गोष्ट इतरांना अडचण वाटली असती. ब्लुमलाइन यांनी तिचाच उपयोग करून घेतला. दोन लाउडस्पीकरच्या आवाजात केवळ तीव्रतेचा फरक ठेवला, तरी खालच्या स्वरांच्या बाबतीत कानांपाशी हे दोन्ही तरंग एकत्र येऊन कलेचा फरक निर्माण होतो, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. अर्थात, दोन मायक्रोफोनांमधील कलेच्या फरकाचे तीव्रतेच्या फरकात रूपांतर करता आले की, काम फत्ते. त्यासाठी त्यांनी एक मंडल योजले. डाव्या आणि उजव्या संदेशांची बेरीज व वजाबाकी करायची, वजाबाकीतील खालचे स्वर योग्य प्रमाणात वाढवायचे आणि पुन्हा त्यांपासून डावा व उजवा संदेश वेगळा काढायचा. सुमारे ७०० हर्ट्झखालच्या स्वरांना एक वागणूक आणि त्यावरच्या स्वरांना दुसरी, असा हा मामला होता. कान कुठे एक पद्धत सोडून दुसरी धरतो, त्या ठिकाणी मंडलाची सीमारेषा आखायची, ही त्यामागची दृष्टी.

याच पेटंटात परस्परांशी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांची जोडी आहे. ती आजही ब्लुमलाइन यांच्या नावानेच ओळखली जाते. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर, प्रत्येकी ४५ अंशांच्या कलात, दोन स्वतंत्र ध्वनी कोरण्याची रीतही त्यात सांगितली आहे. तारांमधली कुजबुज थोपवणाऱ्या अभियंत्याने आता एका खाचेत दोन आवाज एकमेकांना न भिडता नांदवून दाखवले.

डिकीतला खर्ज

आजच्या मोटारीतील क्रॉसओव्हरची जुळणी ही याच कर्णविचाराची दुसरी बाजू आहे. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोहोचण्यात आवाजाला जास्तीत जास्त सुमारे ०.६ मिलिसेकंद अधिक लागतात. ८० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचे आणि त्याची तरंगलांबी सव्वाचार मीटरच्या आसपास. म्हणजे दोन कानांतील फरक एका आवर्तनाच्या विसाव्या हिश्श्याइतका. मोकळ्या मैदानात हा फरकही कानाला पुरतो. परंतु मोटारीच्या बंदिस्त पेटीत, जिची लांबी त्या तरंगाहून कमी असते, परावर्तने या सूक्ष्म फरकावर पाणी फिरवतात. म्हणूनच ८० हर्ट्झच्या आसपास सीमारेषा ठेवली, तर एकच सबवूफर पुरतो आणि तो डिकीत असल्याचा सुगावा कानाला लागत नाही. डावा व उजवा संदेश मिळवून एकच खर्ज तयार करण्याची जी रीत सबवूफरसाठी वापरली जाते, ती बेरीजही ब्लुमलाइन यांच्या मंडलांत होतीच.

मात्र सीमारेषा म्हणजे भिंत नव्हे, तो उतार असतो. दर सप्तकाला १२ डेसिबेलचा उतार ठेवला, तर ८० हर्ट्झची रेषा आखूनही १६० हर्ट्झचा आवाज सबवूफरमधून बऱ्यापैकी पाझरतो. पुरुषी आवाजाचा खालचा पट्टा नेमका तेथेच असतो आणि दिशेची चाहूल तोच देतो. २४ डेसिबेलचा उतार हे पाझरणे पुष्कळच रोखतो. दुसरा प्रश्न कलेचा. सीमारेषेवरचा स्वर दारांतील स्पीकर आणि सबवूफर असे दोघेही वाजवतात. एकाचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जात असेल, तर दोन तरंग परस्परांना खोडतात आणि नेमक्या त्या जागी खर्जात खड्डा पडतो. अशा वेळी आवाज वाढवून उपयोग होत नाही. कलेची कळ उलटी करून पाहावी लागते. ज्या स्थितीत सीमारेषेजवळचा खर्ज भरीव वाटेल, ती योग्य. सबवूफर श्रोत्यापासून दारांतील स्पीकरपेक्षा दीड मीटर दूर असेल, तर त्याचा आवाज सुमारे ४.४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ८० हर्ट्झला हा उशीर एका आवर्तनाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक भरतो. त्यामुळे पुढच्या स्पीकरचा आवाज तेवढाच उशिरा सोडण्याची सोय आधुनिक यंत्रणांत असते. शेवटी उरते ती आवाजाची पातळी. मोटारीची बंद पेटी सर्वांत खालच्या स्वरांना आपोआप बळ देते, तेव्हा सबवूफरची पातळी वाटते त्याहून कमीच ठेवावी लागते. सबवूफर वाजतो आहे हे वेगळे जाणवू नये, पण बंद केल्यावर गाणे पोकळ वाटावे, ही जुळणी साधल्याची खूण.

ब्लुमलाइन यांनी मोटारीतील सबवूफर पाहिला नाही. पण अशा संदेशांवर काम करणाऱ्या आजच्या बहुतेक ध्वनिवर्धक मंडलांच्या तोंडाशी दोन घटकांची जी समतोल जोडी असते, तिची रचना त्यांनी १९३६ मध्ये पेटंट केली होती.

ॲबे रोडवरील सकाळ आणि हेजच्या आगगाड्या

१९३३ च्या डिसेंबरात पहिल्या स्टिरिओ तबकड्या कोरल्या गेल्या. १९३४ च्या जानेवारीत लंडनच्या ॲबे रोडवरील स्टुडिओत सर टॉमस बीचम हे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम करून घेत असताना ब्लुमलाइन यांच्या चमूने ती स्टिरिओत मुद्रित केली. बोलपटासाठीचे प्रयोगही झाले. रंगमंचावर बोलत बोलत इकडून तिकडे चालणारी माणसे आणि १९३५ मध्ये हेज स्थानकातून धडधडत जाणाऱ्या आगगाड्या, असे त्या छोट्या चित्रफितींचे विषय होते. आगगाडी पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि तिचा आवाजही तिच्याबरोबर सरकतो. चित्रपटगृहात पडलेल्या शंकेचे ते प्रत्यक्ष उत्तर होते. अटलांटिकपलीकडे बेल प्रयोगशाळेतही याच सुमारास स्टिरिओचे प्रयोग स्वतंत्रपणे चालू होते, हेही नोंदले पाहिजे.

परंतु जगावर महामंदीचे सावट होते. एका लाउडस्पीकरचा ग्रामोफोन घेणेही अनेकांना परवडत नसताना दोन लाउडस्पीकरची यंत्रणा कोण विकत घेणार, असा विचार कंपनीने केला असल्यास नवल नाही. शिवाय तिच्यापुढे अधिक निकडीचे काम उभे ठाकले होते, ते दूरचित्रवाणीचे. स्टिरिओचे प्रयोग फडताळात गेले.

शोनबर्ग यांच्या चमूने संपूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धतीची ४०५ रेषांची दूरचित्रवाणी सिद्ध केली. तिच्या अनेक मंडलांवर ब्लुमलाइन यांचा ठसा होता. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली, तेव्हा ही पद्धत आणि जॉन लोगी बेअर्ड यांची पद्धत आलटून पालटून वापरली जात होती. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बाद झाली. १२ मे १९३७ रोजी सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आली. रस्त्यावरील कॅमेऱ्यांपासून काही मैल दूरच्या प्रक्षेपण केंद्रापर्यंत चित्रसंदेश केबलमधून शाबूत नेण्यात ब्लुमलाइन यांच्या मंडलांचा वाटा होता. ४०५ रेषांची ही पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालली.

त्यांच्या कामाची एक रीत होती. मंडल आधी कागदावर पूर्ण गणिताने सिद्ध करायचे आणि मगच बांधायचे. व्हॉल्व्हच्या गुणधर्मांत थोडाफार फरक पडला, तरी मंडलाच्या कामगिरीत फरक पडू नये, असा त्यांचा आग्रह असे. बांधून झाल्यावर चाचपडत दुरुस्त्या करणे त्यांना मान्य नव्हते. सुरुवातीच्या पेटंटापासून मृत्यूपर्यंतचा हिशेब केला, तर सरासरी दर दीड महिन्याला एक पेटंट पडते. प्रयोगशाळेबाहेर त्यांना घोडेस्वारीचा आणि विमान चालवण्याचा छंद होता. संगीतावर प्रेम होते. पियानो शिकण्याचा प्रयत्न मात्र त्यांनी अर्ध्यावर सोडून दिला. डोरीन आणि दोन मुलगे, सायमन व डेव्हिड, असा त्यांचा संसार होता.

एका नटाची किंमत

युद्धाचे ढग जमू लागले, तशी ईएमआयची प्रयोगशाळाही संरक्षणाच्या कामाकडे वळली. आकाशातील विमानाची दिशा आवाजावरून शोधणाऱ्या यंत्रांसाठी ब्लुमलाइन यांनी आपले दोन कानांचे गणित पुन्हा हाती घेतले. माणसाच्या कानाऐवजी पडद्यावर दिशा दाखवणारी यंत्रणा त्यातून आली. लवकरच रडारने ध्वनीची जागा घेतली आणि ब्लुमलाइनही त्या कामात ओढले गेले.

१९४२ मध्ये एच-टू-एस या सांकेतिक नावाच्या रडारवर काम चालले होते. विमानाच्या पोटाखाली बसवलेले हे रडार अंधारात आणि ढगांआडूनही खालच्या भूमीचे चित्र वैमानिकाला दाखवणार होते. बर्नार्ड लव्हेल या तरुण शास्त्रज्ञाकडे या प्रकल्पाची धुरा होती. पुढे जॉड्रेल बँकच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे ते जगप्रसिद्ध झाले.

७ जून १९४२ च्या रविवारी डेफर्डच्या धावपट्टीवरून व्ही ९९७७ क्रमांकाचे हॅलिफॅक्स विमान चाचणीसाठी उडाले. त्यात ब्लुमलाइन, त्यांचे ईएमआयमधील सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदन आणि इतर शास्त्रज्ञ व हवाई दलाचे जवान, असे ११ जण होते. परतीच्या वाटेवर उजव्या पंखावरील बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती पंखात पसरली आणि हेरफर्डशायरमधील वेल्श बिकनर या गावाजवळ विमान कोसळले. कोणीही वाचले नाही. इंजिनाच्या झडपेपाशी असलेला एक नट देखभालीच्या वेळी पुरेसा आवळला गेला नव्हता, त्यातून झडप तुटली आणि पेट घेतला, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला. आपले मंडल नशिबावर सोडायचे नाही, हा ज्यांचा आयुष्यभराचा दंडक, त्यांचा अंत दुसऱ्या कुणाच्या हातून सैल राहिलेल्या एका नटाने झाला. त्यांचा ३९ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.

प्रकल्प गुप्त असल्याने अपघातही गुप्त ठेवण्यात आला. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून मृत्यूची जाहीर वाच्यता झाली नाही, वृत्तपत्रांत मृत्युलेख आले नाहीत. डोरीन आणि दोन लहान मुलांना आपले दुःख गाजावाजा न करता गिळावे लागले. काम मात्र थांबले नाही. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी स्वतः लक्ष घालून त्याला गती दिली आणि ३० जानेवारी १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवरील हल्ल्यात एच-टू-एस प्रथमच वापरले गेले. त्यातून जर्मन शहरांवर झालेल्या संहाराचा हिशेब वेगळा मांडला जातो. तो पाहायला ब्लुमलाइन उरले नव्हते.

उशिरा मिळालेले श्रेय

१९५० च्या दशकाच्या अखेरीस तबकडी उद्योगाला स्टिरिओचे वेध लागले. अनेक पद्धती पुढे आल्या. शेवटी जगभरच्या कंपन्यांनी जी स्वीकारली आणि १९५८ पासून जिच्या तबकड्या बाजारात मिळू लागल्या, ती अमेरिकेतील वेस्ट्रेक्स कंपनीने विकसित केलेली, खाचेच्या दोन भिंतींवर ४५ अंशांच्या कलात दोन ध्वनी कोरण्याची पद्धत होती. हीच रीत ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये लिहून ठेवली होती. तोवर पेटंटाची मुदत संपून गेली होती.

युद्धकालीन गुप्ततेचे सावट ओसरायलाही बराच काळ जावा लागला. लंडनच्या ईलिंग भागातील त्यांच्या घरावर निळी स्मृतिपट्टिका लागली ती १९७७ मध्ये. १९९९ आणि २००० मध्ये त्यांची दोन सविस्तर चरित्रे प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये ॲबे रोड स्टुडिओत विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्टिरिओच्या शोधाचा मानफलक बसवला आणि २०१७ मध्ये तंत्रज्ञानासाठीचा ग्रॅमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. अर्ज दाखल झाल्यापासून ८५ वर्षे लोटली होती.

ज्या १९३० च्या दशकात ब्लुमलाइन काम करत होते, त्याच दशकात स्टीफन बटरवर्थ या दुसऱ्या ब्रिटिश अभियंत्याने गाळणीमंडलांचे गणित मांडले. १९३० सालच्या त्या लेखामुळे त्याचे नाव आजही क्रॉसओव्हरच्या प्रत्येक तक्त्यात वाचायला मिळते. ब्लुमलाइन यांचे नाव मोटारीतल्या ध्वनियंत्रणेवर कोठेही कोरलेले नसते. तरीही डावीकडे सतार, उजवीकडे तबला आणि समोर गायक असे चित्र काचेपलीकडे उभे राहते, खर्ज आपली जागा न सांगता त्याला पायाचा आधार देतो, तेव्हा काम करत असते ते त्यांनीच मांडलेले दोन कानांचे गणित.